१९९४ ची सिव्हिक, मागे डिस्क ब्रेक: गॅरेजमधल्या नोंदी

२ मार्च २०२४, शनिवार

गाडी होंडा सिव्हिक डीएक्स, तीन दारी, दीड लिटरचं इंजिन, हातानं टाकायचे गिअर, वजन जेमतेम हजार किलो. एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नाही. ऑक्टोबरात नीलसाठी घेतली. सोळा वर्षांच्या मुलाला पहिली गाडी जुनी द्यावी आणि ती त्याला खोलता यावी, एवढाच हेतू.

इंजिन ठणठणीत. खालून मात्र गाडी मिशिगनची. डेट्रॉइट शहराच्या पोटात साडेतीनशे मीटर खोल मिठाची खाण आहे, आणि हिवाळा आला की बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठच मीठ. तीस हिवाळे खाल्लेल्या गाडीला खालून टॉर्च मारला की पापड भाजल्यासारखा पत्रा दिसतो.

आज मागचं डावं चाक काढलं. हँडब्रेक ओढला तरी गाडी उतारावरून सरकते, एवढीच तक्रार होती. ब्रेकचा ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारा बंद डबा, हलेना. त्यावर ८ एमएमची दोन आट्यांची भोकं असतात. त्यांत बोल्ट घालून आळीपाळीनं आवळले की ड्रम स्वतःच बाहेर ढकलला जातो. आला. आतला कारभार असा: व्हील सिलिंडर (ऑइलच्या दाबानं शू ढकलणारा) गळून दोन्ही शू (ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्या) ब्रेक ऑइलमध्ये भिजलेले, ॲडजस्टरची चक्री जाम, हँडब्रेकची केबल आत गंजून फुगलेली. वर ट्रेलिंग आर्मचा, म्हणजे मागचं चाक बॉडीला धरणाऱ्या दांड्याचा, मोठा रबरी बुश अर्धा फाटलेला. उजवीकडे वेगळं काही निघणार नाही.

(ड्रममधली धूळ हवेनं उडवू नये. पाण्यानं भिजवून पुसावी. जुन्या शूंमध्ये काय असेल सांगता येत नाही.)

म्हणजे मागचं सगळंच बदलायचं. मग डिस्कच का नको? (चाकाबरोबर फिरणारी उघडी थाळी ती डिस्क, तिला दोन पॅडांत चिमटणारा तो कॅलिपर.)

३ मार्च

डिस्क का, याचं खरं उत्तर आधी लिहून ठेवतो, नंतर मन फिरायला नको. गाडी लवकर थांबावी म्हणून नव्हे. ब्रेक मारला की वजन पुढे जातं, पुढची चाकं साधारण सत्तर टक्के काम करतात, आणि पुढे डिस्क आहेतच. मागचा चांगला ॲडजस्ट केलेला ड्रम या वजनाच्या गाडीला पुरतो. ड्रम तापून ब्रेक फिका पडतो म्हणावं, तर मिशिगनमध्ये घाट कुठे आहे? इथला सगळ्यात मोठा चढ हायवेवरच्या पुलाचा.

माझं कारण गंज. डिस्क उघडी असते, वापरात घासून स्वच्छ राहते, पॅड किती उरले ते चाक काढलं की दिसतं. ड्रम बंद डब्यात सडतो आणि उघडेपर्यंत कळत नाही.

रात्री अण्णांना फोन केला. साताऱ्याच्या डेपोत बत्तीस वर्षं एसटीच्या ब्रेकखाली गेलेली. ऐकून घेतलं आणि म्हणाले, “आरं, ड्रम वाईट नसतोय. ॲडजस्ट न केल्याला ड्रम वाईट असतोय. पसरणीचा घाट उतरताना पाठीमागं पन्नास माणसं असायची, आन् चारी बाजूला ड्रमच हुते.”

“अहो अण्णा, पण इथं मीठ…”

“मग मिठाचं सांग. ड्रमाला कशाला नावं ठिवतूस?”

बरोबर आहे.

९ मार्च

होंडाची गंमत अशी की या पिढीच्या सिव्हिकचा आणि १९९४ ते २००१ च्या अक्युरा (होंडाचाच ब्रँड) इंटेग्राचा मागचा सांगाडा भाऊ-भाऊ आहे. इंटेग्राला मागे डिस्क सगळ्यांनाच. तिचा आख्खा ट्रेलिंग आर्म हब (चाक बसतं तो भाग), डिस्क, कॅलिपरसकट काढायचा आणि सिव्हिकला जसाच्या तसा बोल्टनं बसवायचा. ब्रॅकेट कापणं नाही, वेल्डिंग नाही. माझ्यासारख्या वेल्डिंग न येणाऱ्याला हीच वाट.

लागणारा माल: दोन ट्रेलिंग आर्म, डिस्कवाल्या हँडब्रेक केबल, आणि प्रोपोर्शनिंग व्हॉल्व्ह. हा तिसरा आयटम लोक विसरतात. मागे किती दाब जायचा ते तो ठरवतो. ड्रमच्या हिशेबाचा व्हॉल्व्ह डिस्कला जमत नाही. एबीएस नसलेल्या इंटेग्राच्या व्हॉल्व्हवर ४०४० असे आकडे असतात, तो हवा.

अडचण एकच. इंटेग्रा आता भंगारात सापडत नाहीत, आणि सापडल्याच तर त्याही मिठातल्याच. घराजवळच्या दोन यार्डांत गेलो. एकात एकही नाही. दुसऱ्यात एक होती, तिचा ट्रेलिंग आर्म बोटानं दाबला तर पापुद्रा हातात आला.

१६ मार्च

शेजारच्या ओहायोतल्या टोलेडोच्या बाजूला एका यार्डात १९९६ ची इंटेग्रा मिळाली. मागच्या काचेवर फ्लोरिडातल्या कॉलेजचं स्टिकर. खाली वाकून बघितलं आणि अक्षरशः हसू आलं. बोल्टांवर कारखान्याचा पिवळट मुलामा अजून शिल्लक. नील म्हणाला, “बाबा, ही गाडी आपल्या गाडीपेक्षा नवी दिसते.” दोन वर्षांनी नवी आहेच, पण त्याला म्हणायचं होतं ते वेगळं.

यार्डाचा नियम: प्रवेश तीन डॉलर, हत्यारं आपली, काढलं ते आपलं, जॅक आणायचा नाही. गाडी जुन्या रिमांच्या थप्प्यांवर ठेवलेली. चार तास लागले. ट्रेलिंग आर्म कॅलिपरसकट दोन्ही, ११० डॉलर. खालचे आर्मही (ट्रेलिंग आर्म बॉडीला जोडणारे छोटे दांडे) काढून घेतले, २० डॉलर, कारण आपल्या गाडीचे बोल्ट कापावे लागणार हे मला तिथेच कळलं होतं. केबल १५. व्हॉल्व्ह १२, आणि त्याच्यावर सगळ्यात जास्त घाम गेला. त्याला सहा नळ्या: मास्टर सिलिंडरकडून (पेडल दाबलं की ऑइलला दाब देणारा) दोन आत, चार चाकांना चार बाहेर. नट १० एमएमचे. इथे साधा पाना लावायचा नाही, नटाला जवळजवळ सगळीकडून धरणारा फ्लेअर नट पानाच लावायचा, नाहीतर नट गोल होतो. एक झालाच. नळीसकट कापून आणला, घरी व्हाइसमध्ये बघू.

परतताना नील गाडीत झोपला. हात काळे, हातात बर्गर तसाच.

२३ मार्च

इंटेग्राच्या जुन्या डिस्क काढणे. प्रत्येक डिस्कला हबवर धरणारे दोन स्क्रू असतात, फिलिप्ससारख्या खाचेचे. फ्लोरिडाची गाडी असूनही जाम. हातोडा मारल्यावर फिरणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर लावला, तीन निघाले. चौथ्याची खाच गेली. त्याचं डोकं ड्रिलनं उडवलं. नंतर तो परत बसवला नाही आणि बसवायची गरजही नाही. डिस्क चाकाचे नट आवळूनच धरली जाते, हे स्क्रू कारखान्यात जोडणी सोपी व्हावी म्हणून.

बुश. ट्रेलिंग आर्मच्या पुढच्या टोकाला मुठीएवढा रबरी बुश. फ्लोरिडाचे फाटले नव्हते, पण रबर तडकलेलं. आर्म हातात असताना बदलले नाहीत तर पुन्हा कोण खोलणार? जुना काढण्याआधी त्याचा कोन आर्मवर पंचनं खुणावून ठेवला. हा बुश कोणत्याही कोनात बसतो, पण एकाच कोनात गाडीच्या बॉडीला जुळतो. मग प्रोपेन टॉर्चनं रबर जाळलं, बाहेरची कडी आरीनं चिरून छिन्नीनं आत दुमडली.

रबर जळण्याचा वास प्राजक्ताला स्वयंपाकघरात गेला. शेजारची बाई कुत्रं घेऊन दोनदा समोरून गेली, दुसऱ्यांदा नाकाला रुमाल. पुढच्या वेळी यार्डातच जाळणार.

एक सावधगिरी. टॉर्च पेटवायच्या आधी ब्रेक क्लीनरचे डबे गॅरेजबाहेर. क्लोरीनवाला क्लीनर तापलेल्या लोखंडावर पडला तर फॉस्जीन वायू होतो. गंमत नाही ती.

नवे बुश मित्राच्या हायड्रॉलिक प्रेसवर बसवले. पाच मिनिटांचं काम, तिथे चहात गेला तास.

३० मार्च

गाडी स्टँडवर. चाकं काढली, जुने आर्म काढायला घेतले. आठवडाभर रोज संध्याकाळी बोल्टांवर ॲसिटोन आणि गिअरबॉक्सच्या ऑइलचं अर्धं-अर्धं मिश्रण सोडत होतो. बॉडीचे बोल्ट त्यानं निघाले, आटे शाबूत. हे महत्त्वाचं, कारण बॉडीतले आटे गेले असते तर प्रकल्प तिथेच संपला असता.

खालच्या आर्मचे बोल्ट अपेक्षेप्रमाणे हटून बसले. नट निघतो, पण बोल्ट बुशच्या आतल्या पोलादी नळीला गंजून एकजीव. पाना फिरवला की बोल्ट, नळी, रबर सगळं एकत्र पिळलं जातं आणि सोडलं की परत येतं. पाच फुटी पाइप लावला. नील पाइपला लोंबकळला. शेवटी रेसिप्रोकेटिंग आरी. दोन बोल्ट, चार पाती, दीड तास. यार्डातून आणलेल्या वीस डॉलरच्या आर्मांना मनात नमस्कार केला.

आणि मग ज्याची भीती होती ते. डाव्या मागच्या नळीचा नट सोडवताना नट फिरला, पण नळीही त्याच्यासोबत फिरली आणि काडीसारखी तुटली. उजवीकडची बघितली तर तीही दोन ठिकाणी फुगलेली. म्हणजे दोन्ही पोलादी नळ्या नव्या करायच्या. बजेट तीनशेचं होतं. आता ते म्हणायचं तेवढ्यापुरतं.

६ एप्रिल

तांब्या-निकेलच्या मिश्रधातूची नळी आणली, ३/१६ इंची, पंचवीस फुटांचं वेटोळं. ती गंजत नाही आणि हातानं वाकते. टोकाला डबल फ्लेअर करायचा: आधी टोक फुगवायचं, मग ते आत दुमडायचं. नट एम१० चा, १ एमएम पिचचा. फ्लेअरचं हत्यार ४० डॉलर.

पहिला फ्लेअर वाकडा. दुसरा चिरला, कारण कापलेल्या टोकाची धार मारली नव्हती. तिसरा सुंदर. फोटो काढला, अण्णांना पाठवला. मग बघितलं तर नट टेबलावरच.

ज्यानं कधी ही नळी केली आहे त्याला पुढचं सांगायला नको. कापून परत.

सहाव्या फ्लेअरनंतर हात बसला. जुनी नळी शेजारी ठेवून वळणं तशीच काढली. फक्त टाकीजवळ थोडी बाहेरून घेतली. जुन्या क्लिप सगळ्या वापरल्या, कारण नळी बॉडीला घासत राहिली तर तीही एक दिवस जाईल.

८ एप्रिल, सोमवार

काम नाही. खग्रास सूर्यग्रहण. टोलेडो ग्रहणाच्या पट्ट्यात, म्हणून सगळे तिकडे. जवळजवळ दोन मिनिटं भर दुपारी संध्याकाळ. प्राजक्ता म्हणाली, महिन्याभरात टोलेडोच्या दोन वाऱ्या, एक भंगारासाठी आणि एक सूर्यासाठी. परतीच्या रांगेत तासाचे चार तास झाले. उद्या पाडवा, घरी पोचून श्रीखंडाचा चक्का टांगायचा होता.

१३ एप्रिल

आर्म बसले. अर्ध्या दिवसात! जे काढायला दोन दिवस गेले ते बसवायला चार तास. फ्लोरिडाचे आर्म, नवे बोल्ट, प्रत्येक बोल्टावर अँटी-सीझ, म्हणजे बोल्ट जाम होऊ न देणारी पेस्ट.

रबरी बुशांचे बोल्ट गाडी हवेत असताना शेवटचे आवळायचे नाहीत. आर्म खाली लोंबकळत असताना आवळले तर गाडी जमिनीवर आल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं आणि वर्षात फाटतं. हबखाली जॅक लावून गाडीचा भार घेतला, मगच आवळले.

नव्या डिस्क २३९ मिलिमीटरच्या. पुढच्याही जवळपास तेवढ्याच, त्यामुळे मागून बघितलं की गाडी एकदम शहाणी दिसते. आधीच्या मालकानं १४ इंची चाकं घातली होती, कॅलिपर आत सहज मावला.

आता कॅलिपर. यात वेळ गेला माझ्या मूर्खपणामुळे. नवे पॅड जाड, म्हणून पिस्टन आत ढकलायला सी-क्लँप लावला. हलेना. आणखी आवळला. हलेना. गंजला असेल म्हणून शिव्या घातल्या. मग पिस्टनच्या तोंडावर अधिक चिन्हासारख्या खाचा दिसल्या आणि डोक्यात प्रकाश पडला: मागच्या कॅलिपरमध्येच हँडब्रेक असतो, पिस्टन आत आट्यांवर चढलेला असतो. ढकलायचा नसतोच, घड्याळाच्या दिशेनं फिरवत आत न्यायचा असतो. पक्कडनं दोन मिनिटांत गेला. क्लँपनं आतली यंत्रणा मोडली नाही हे नशीब.

त्याच खाचांचं दुसरं काम: आतल्या पॅडच्या पाठीवर छोटं बोंड असतं, ते पिस्टनच्या खाचेत बसलं पाहिजे. उजवीकडे मी पिस्टन पाऊण फेरा जास्त फिरवला होता, बोंड खाचेच्या कडेवर चढलं आणि पॅड तिरका बसला. हातानं डिस्क फिरवली तर एका बाजूला घासत होती, त्यावरून कळलं. लक्षात आलं नसतं तर पॅड तिरकाच झिजला असता.

२० एप्रिल

व्हॉल्व्ह बदलला. गोल झालेला नट घरी व्हाइसमध्ये व्हॉल्व्ह धरून, नळी कापून, बॉक्स पान्यानं निघाला. सहा नळ्या थोड्या वाकवाव्या लागल्या. बॉनेटखाली रंगावर ब्रेक ऑइल पडू नये म्हणून फडकी. तरी एक थेंब पडला, पाण्यानं लगेच धुतला.

मग ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढणे. नील आत पेडलवर, मी खाली नळी आणि बाटली घेऊन. ठरलेली भाषा: मी “दाब” म्हणतो, तो “धरलंय” म्हणतो, मी निपल (हवा काढायचा छोटा स्क्रू) उघडतो, बंद करतो, मग “सोड”.

“दाब.”

“धरलंय.”

उघडलं. बुडबुडे. छान.

“बाबा, अजून किती वेळ…”

आणि सोडलं. निपल उघडंच. बाटलीतली नळी वर आली होती, सिलिंडरनं मस्तपैकी हवा आत ओढली. चाक पहिल्यापासून.

दुसऱ्या फेरीत पेडल वर आलं. तिसऱ्या फेरीत दगड. मास्टर सिलिंडर इंटेग्राचा घ्यावा का, हा प्रश्न होता. पेडल पूर्वीपेक्षा थोडं खाली जातं, पण घट्ट आहे. आहे तोच ठेवला.

हँडब्रेक. आधी पेडल वीसेक वेळा मारून कॅलिपरचा आतला ॲडजस्टर जागेवर येऊ द्यायचा, मगच आतल्या कन्सोलखालचा केबलचा नट आवळायचा. उलट केलं तर केबल कॅलिपरचा दांडा अर्धवट ओढून धरते आणि ॲडजस्टर कधीच पूर्ण काम करत नाही. सात टिचक्यांवर धरतो. ड्राइव्हवेच्या उतारावर उभी केली, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढला, उतरून लांब उभा राहिलो. हलली नाही. हा सगळा खटाटोप ज्या तक्रारीनं सुरू झाला ती तक्रार आज संपली.

२८ एप्रिल, रविवार

ऑफिसची मोकळी पार्किंग, सकाळचा पाऊस. ताशी चाळीस मैलांवरून जोरात ब्रेक. मित्र बाजूला उभा राहून चाकं बघत होता. बघायचं एकच: आधी कुठली चाकं लॉक होतात. पुढची झाली तर गाडी सरळ घसरते. मागची आधी झाली तर गाडी फिरते, आणि नीलला ती गाडी देता येणार नाही. पाचही वेळा पुढची आधी. ४०४० नं आपलं काम केलं.

थांबायचं अंतर? मार्चमध्ये गाडी उघडण्याआधी याच जागी पावलांनी मोजलं होतं, तेव्हाही ओलंच होतं. चाळीस पावलं. आज एकोणचाळीस, एकदा साडेचाळीस. म्हणजे काहीही फरक नाही. ३ मार्चला लिहून ठेवलं ते बरं झालं, नाहीतर आज मीच म्हणालो असतो की गाडी खिळ्यासारखी थांबते.

फरक पेडलमध्ये आहे. ड्रमवर मागचं एक चाक ओढायचं, गाडी किंचित डावीकडे जायची. आता सरळ. पण तो डिस्कचा गुण की गळका सिलिंडर गेल्याचा, मला वेगळं करता येत नाही. बहुतेक दुसरंच.

४ मे

अलाइनमेंट, ९० डॉलर. ट्रेलिंग आर्म बदलला की मागचा टो (चाकं आत-बाहेर किती वळलेली तो कोन) बदलतोच, त्यावर कंजुषी नको.

हिशेब आज केला. यार्डात १६०. डिस्क आणि पॅड ८५, बुश ४८, रबरी होस ३६, नळी आणि नट ३४, फ्लेअरचं हत्यार ४०, ब्रेक ऑइल १४, आरीची पाती १३, अलाइनमेंट ९०. एकूण ५२० डॉलर. पेट्रोल आणि बर्गर धरले नाहीत.

मग दुसरा हिशेब. ड्रमच ठेवले असते तर? ड्रम, शू, सिलिंडर, स्प्रिंग मिळून १४०. हँडब्रेक केबल ४०. आणि बुश, होस, नळी, हत्यार, ऑइल, पाती, अलाइनमेंट हे सगळं तरीही. ४५५. म्हणजे डिस्कचे खरे पैसे पासष्ट डॉलर. बाकीचे साडेचारशे मिठानं घेतले.

हे अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, “मग ड्रम काढलास त्याचं काय केलंस?”

“भंगारात.”

“शू चांगलं हुतं का?”

“ऑइलमध्ये भिजले होते.”

“मग ठीक हाय.”

११ मे

नील गाडी रोज शाळेत नेतोय. पाचशे मैलांनंतर चाकं काढून बघितलं. पॅड दोन्हीकडे सारखे. होसला ओल नाही. हँडब्रेक एका टिचकीनं सैल, नट अर्धा फेरा आवळला.

सकाळी गार असताना रिव्हर्समध्ये उजवीकडून किर्र आवाज येतो, तापल्यावर जातो. पॅडमागची शिम (पातळ पत्रा) मीच लावायची विसरलोय, डबीत पडली आहे. शनिवारी.